घनाची गोळी बांधताना : काढ्यापासून बाटलीपर्यंत

चूर्णाची गोळी आणि घनाची गोळी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे मी आमच्या टॅब्लेट विभागात येणाऱ्या प्रत्येक नव्या मुलाला पहिल्याच दिवशी सांगते. चूर्णात तंतू असतात. ते फुगतं, दाबलं की पुन्हा उसळतं. घन म्हणजे आटवून सुकवलेला काढा, त्यात तंतू नसतो. काढ्याच्या पाण्यात जे जे उतरलं तेवढंच त्यात उरतं : साखरा, डिंक, टॅनिन, क्षार, कडू द्रव्यं. ही सगळी पाण्यातून आलेली, त्यामुळे हवेत ओल दिसली की ती ओढून घेतात. गोळी पंचाला (यंत्रात गोळी दाबणाऱ्या ठोकळ्याला) चिकटते, तिच्यावर डाग पडतात, पाण्यात टाकली तर तासभर तशीच राहते, बाटलीत गोळ्यांचा एक गठ्ठा होतो. या तक्रारींच्या मुळाशी बहुतेक वेळा पाणीच असतं. म्हणून मी इथे यंत्रापेक्षा पाण्याबद्दल जास्त बोलणार आहे.

उदाहरण गुळवेलीचं घेते. संशमनी वटी नावाने जी गोळी मिळते तिचा पाया गुळवेलीचा घनच आहे, आणि गुळवेल जमली की बरेच इतर घनही जमतात.

वेल ओळखा, मगच चूल पेटवा

औषधाला लागते ती टिनोस्पोरा कॉर्डिफोलिया. तिच्यासारखीच दिसणारी टिनोस्पोरा क्रिस्पा बाजारात मिसळून येते. क्रिस्पाच्या खोडावर ठळक गाठी असतात. या दोन वेलींची गल्लत होऊ नये म्हणून आयुष मंत्रालयाने २०२२ साली जाहीर सूचनाही दिली होती. खोड वाळून तुकडे झालं की नजरेने ओळखणं अवघड जातं, म्हणून माल घेतानाच नमुना वनस्पतिशास्त्र जाणणाऱ्याकडून किंवा प्रयोगशाळेकडून तपासून घ्या. ही पायरी चुकली तर पुढची सगळी मेहनत चुकीच्या वेलीवर होते.

खोड धुवा, वाळवा, भरड करा. वस्त्रगाळ पूड नको. पूड पाण्यात लगदा होते आणि गाळताना फडकं बंद पडतं.

काढा आणि घन

शार्ङ्गधर संहितेत पिण्याच्या काढ्याचं माप आहे : १ भाग द्रव्य, १६ भाग पाणी, आणि आठवा भाग उरेपर्यंत आटवायचं. घनासाठी मात्र वनस्पती भांड्यात ठेवून शेवटपर्यंत आटवू नका. आधी काढा करा, गाळा, आणि मग नुसता गाळलेला काढा पुन्हा पाकावर ठेवा. त्याच ग्रंथात या दुसऱ्या पाकाला रसक्रिया म्हटलं आहे. चोथा काढून टाकला नाही तर तो तळाला लागतो आणि घनाला करपल्याचा वास येतो. तो वास नंतर कशानेही जात नाही.

गुळवेलीत पिष्ट भरपूर असतं. (गुळवेल सत्त्व म्हणून मिळणारी पांढरी पूड म्हणजे मुख्यतः हेच पिष्ट. ते आणि घन एकमेकांच्या जागी वापरू नका, दोन्हींतली द्रव्यं वेगळी आहेत.) उकळत्या पाण्यात हे पिष्ट शिजून काढ्यात उतरतं आणि काढा गढूळ, चिकट होतो. गाळल्यावर दोन-तीन तास निवळू द्या, वरचा स्वच्छ भाग हलकेच काढून घ्या. रात्रभर ठेवू नका, काढा आंबतो. आंबलेल्या काढ्याचा घन जिवाणूंच्या तपासणीत अडकतो.

उघड्या कढईत आटवत असाल तर घट्ट व्हायला लागल्यावर आच अगदी मंद करा आणि सतत ढवळा. निर्वात भांडं हाती असेल तर ६० ते ६५ अंशांवर काम होतं आणि रंग, वास दोन्ही टिकतात. भांडं स्टेनलेस स्टीलचंच हवं. टॅनिन असलेल्या वनस्पती, म्हणजे हिरडा, बेहडा, आवळा, अर्जुन, बाभूळ, या लोखंडाच्या भांड्यात घातल्या की टॅनिन लोखंडाशी मिळून निळसर-काळा रंग देतं. गंजलेल्या चाळणीनेसुद्धा हे होतं. त्रिफळ्याच्या घनावर काळे ठिपके दिसले की मी आधी चाळणी उलटी करून बघते.

घट्ट घन ट्रेमध्ये पातळ पसरून सुकवा. सुकला की पापडी हाताने मोडते. ती कोरड्या खोलीत दळा आणि ४० नंबरच्या चाळणीतून, म्हणजे साधारण ४२५ मायक्रॉनमधून काढा. दळून झालं की लगेच दुहेरी पिशवीत बांधा. जेवणाच्या सुट्टीपुरता उघडा राहिला तरी त्याचा पोत बदलतो.

तयार एक्स्ट्रॅक्ट विकत घेणार असाल तर

आज बहुतेक लहान उत्पादक एक्स्ट्रॅक्ट, म्हणजे सुका घन, तयारच घेतात. त्यात गैर काही नाही, पण तीन प्रश्न विचारल्याशिवाय घेऊ नका.

पहिला, गुणोत्तर काय? ८:१ म्हणजे ८ किलो सुक्या वनस्पतीपासून १ किलो एक्स्ट्रॅक्ट. दुसरा, कशात काढलं : पाण्यात, अल्कोहोलमध्ये की दोन्हींच्या मिश्रणात? एकाच वनस्पतीची पाण्यातली आणि अल्कोहोलमधली द्रव्यं वेगळी असतात. काढ्याच्या परंपरेचा आधार सांगायचा असेल तर एक्स्ट्रॅक्टही पाण्यातलंच हवं. तिसरा प्रश्न कोणी विचारत नाही आणि माझ्या मते तोच सगळ्यात महत्त्वाचा : यात वाहक, म्हणजे सुकवण्यासाठी मिसळलेली भर, किती घातली आहे? स्प्रे ड्रायरमध्ये (काढा फवारून सुकवणाऱ्या यंत्रात) नुसता काढा भिंतींना चिकटतो, म्हणून त्यात माल्टोडेक्स्ट्रिन घालतात. १०० ग्रॅममध्ये २० ग्रॅम माल्टोडेक्स्ट्रिन असेल तर ३०० मिलिग्रॅम खऱ्या घनासाठी ३७५ मिलिग्रॅम पूड लागेल. हे गणित केलं नाही तर लेबलवर ३०० लिहिलेलं असतं आणि रुग्णाच्या पोटात २४० जातं. औषध घेणाऱ्याला हे कधीच कळत नाही, म्हणूनच ते आपण बघायचं.

तपासणीच्या कागदावर जड धातूंचे आकडे बघा : शिसं १० पीपीएम (दहा लाख भागांत १० भाग), आर्सेनिक ३, पारा १ आणि कॅडमियम ०.३ यांच्या आत. ई. कोलाय आणि साल्मोनेला अजिबात नकोत. घन करताना वनस्पतीतला काही दोषही एकवटतो, त्यामुळे कच्चा माल पास झाला म्हणून घनाची तपासणी सोडता येत नाही.

ओलीची परीक्षा

सूत्र ठरवायच्या आधी ही परीक्षा करा. दोन बरण्या घ्या. एकीत तळाला मिठाचं संपृक्त द्रावण ठेवा, म्हणजे न विरघळलेलं मीठ तळाशी दिसेल इतकं मीठ. अशा बंद बरणीत आर्द्रता ७५ टक्क्यांच्या आसपास स्थिर राहते. दुसरीत मॅग्नेशियम क्लोराइडचं संपृक्त द्रावण ठेवा, तिथे ती ३३ टक्क्यांच्या आसपास राहते. दोन छोट्या वाट्यांत घन अचूक तोलून द्रावणाला न लागता आत ठेवा आणि दुसऱ्या दिवशी वजन करा.

७५ टक्क्यांत घन पाघळून डांबरी झाला तरी घाबरू नका, बरेच घन तसे होतात. ३३ टक्क्यांतही त्याचे खडे बांधले गेले तर मात्र ओल शोषून घेणारी द्रव्यं वाढवावी लागतील, गोळीचं वजन वाढवावं लागेल, आणि साध्या ब्लिस्टरचा विचार सोडावा लागेल.

घनातली ओलही मोजा. १०५ अंशांवर वजन स्थिर होईपर्यंत सुकवून येणारा आकडा गुळवेलीला चालतो. ओवा, तुळस, सुंठ अशा सुगंधी द्रव्यांच्या बाबतीत तो फसवा असतो, कारण पाण्याबरोबर तेलही उडतं आणि सगळा घाटा पाण्याच्या नावावर जमा होतो. तिथे फक्त पाणीच मोजणारी कार्ल फिशर ही रासायनिक पद्धत वापरा.

सूत्र

एका गोळीचं हे सूत्र सुरुवातीला धरा. १,००० गोळ्यांसाठी हेच आकडे ग्रॅममध्ये वाचा.

गुळवेलीचा शुष्क घन : ३०० मिग्रॅ
मायक्रोक्रिस्टलाइन सेल्युलोज : १३० मिग्रॅ
डायकॅल्शियम फॉस्फेट : ६० मिग्रॅ
कोलॉइडल सिलिका : १५ मिग्रॅ
पीव्हीपी के-३० (बांधणारं द्रव्य) : १५ मिग्रॅ
क्रॉसपोविडोन : २२ मिग्रॅ
टाल्क : ५ मिग्रॅ
मॅग्नेशियम स्टिअरेट : ३ मिग्रॅ
एकूण : ५५० मिग्रॅ

घन ८:१ असेल तर ३०० मिलिग्रॅम म्हणजे सुमारे २.४ ग्रॅम सुकी गुळवेल. दिवसाला किती गोळ्या, हे वैद्यांनी ठरवायचं. मात्रा आधी आणि गोळीचा आकार नंतर, हा क्रम उलटू नका.

३०० हा आकडा कोरड्या घनाचा आहे. घनात ५ टक्के ओल असेल तर ३०० भागिले ०.९५, म्हणजे सुमारे ३१६ मिलिग्रॅम घ्या आणि वरचे १६ सेल्युलोजमधून कमी करा.

सेल्युलोज गोळीला बांधतं आणि थोडी ओलही धरून ठेवतं. डायकॅल्शियम फॉस्फेट ओल घेत नाही, ते वजन आणि कडकपणा देतं. सिलिका घनाच्या कणांवर पातळ थर देते, त्यामुळे कण एकमेकांना चिकटत नाहीत. क्रॉसपोविडोन गोळी फोडायला आहे. त्याच कामाचं स्टार्च ग्लायकोलेट जास्त झालं की पाण्यात स्वतःच जेल होतं, आणि चिकट घनात ते आणखी त्रास देतं. क्रॉसपोविडोनचं तसं होत नाही.

पण हे सूत्र त्रिफळा किंवा अर्जुनाला जसंच्या तसं लावू नका. क्रॉसपोविडोन पॉलिफेनॉलना धरून ठेवतं, आणि टॅनिन त्याच गटातलं. बिअरमधला गढूळपणा काढायला हेच द्रव्य वापरतात, ते याच गुणामुळे. टॅनिनसाठी आपण औषध देतो आणि टॅनिन पकडणारं द्रव्य त्यातच घालतो, हे मला पटत नाही. तिथे गोळी फोडायला मी क्रॉसकार्मेलोज सोडियम घेते आणि बांधायला पीव्हीपीऐवजी बाभळीच्या डिंकाचा किंवा एचपीएमसीचा (सेल्युलोजपासून केलेल्या द्रव्याचा) विचार करते. हळदीच्या एक्स्ट्रॅक्टसोबत मॅग्नेशियम ऑक्साइड किंवा कार्बोनेटसारखं अल्कधर्मी द्रव्य टाळा. ती द्रव्यं ओल उत्तम शोषतात, पण अल्कलीत हळदीतलं पिवळं कर्क्युमिन लाल होतं आणि तुटतं.

गुग्गुळाचा विषय पूर्ण वेगळा आहे. तो राळ आहे, उष्णतेने मऊ पडतो. त्यावर स्वतंत्रच लिहावं लागेल.

ग्रॅन्युल्स

गोळी दाबण्याआधी मिश्रणाचे रवाळ दाणे, म्हणजे ग्रॅन्युल्स, करतात. घनाला पाण्याने भिजवून ते करायला जाऊ नका. पाणी पडलं की घन पुन्हा काढ्याच्या वाटेला लागतो आणि मिक्सरच्या पात्याला डिंक गुंडाळला जातो. इथे आयसोप्रोपिल अल्कोहोल वापरतात. त्यात पाण्यातल्या घनाचा फार थोडा भाग विरघळतो, पीव्हीपी मात्र छान विरघळतं.

आधी घन आणि दोन-तृतीयांश सिलिका एकत्र करून ४० नंबरमधून काढा. हे दोघं आधी भेटायला हवेत, बाकीची द्रव्यं मागून. मग सेल्युलोज, फॉस्फेट आणि अर्धं क्रॉसपोविडोन घालून दहा-पंधरा मिनिटं मिसळा. १,००० गोळ्यांच्या मापाला १५ ग्रॅम पीव्हीपी साधारण १०० ते १२० मिलिलीटर आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये विरघळवा आणि बारीक धारेने घाला. सगळं द्रावण संपलंच पाहिजे असं काही नसतं, पण मग उरलेलं पीव्हीपी गणितातून वजा होतं, हे बॅचच्या कागदावर लिहा. मूठभर घेऊन दाबलं तर लाडू वळला जावा आणि बोटाने ढकलला तर फुटावा, इतपत ओल पुरे. हाताला चिकटलं तर जास्त झालं.

हा माल १२ किंवा १६ नंबरमधून पाडा आणि ट्रेमध्ये पातळ पसरा. लगेच ड्रायरमध्ये घालू नका. आयसोप्रोपिल अल्कोहोलची वाफ १२ अंश तापमानालाच पेट घेण्याजोगी असते. बंद ड्रायर, साचलेली वाफ आणि एक ठिणगी एवढं स्फोटाला पुरतं. हवा खेळती असलेल्या, ठिणगी न पडणाऱ्या साधनांच्या खोलीत आधी वास जाईपर्यंत सुकू द्या, मग ४५ ते ५० अंशांवर. अशी खोली नसेल तर अल्कोहोलचं काम करूच नका. कोरडा मार्ग घ्या : रोलर कॉम्पॅक्टरने किंवा मोठ्या पंचावर जाड चकत्या दाबून त्या मोडायच्या आणि चाळायच्या. उष्णता नाही, द्रव नाही. अश्वगंधेसारख्या घनाला मला हाच मार्ग जास्त आवडतो.

सुकल्यावर ओल २ ते ३ टक्के हवी. यापेक्षा जास्त राहिली तर पंचाला चिकटणार. एक टक्क्याच्या खाली गेली तर गोळीची टोपी उडणार (वरची चकती सुटणार), कारण कणांना बांधायला थोडी ओल लागतेच. या अरुंद पट्ट्यात बॅच ठेवणं हीच या कामातली खरी कारागिरी आहे आणि ती मीटरवर आकडा बघितल्याशिवाय साधत नाही, हात कितीही सरावाचा असो.

ग्रॅन्युल्स २० नंबरमधून काढा. १०० मिलिलीटरच्या मोजपात्रात १०० पर्यंत सैल भरा आणि घनफळ बदलायचं थांबेपर्यंत आपटा. ८५ वर थांबलं तर दाबण्याचा निर्देशांक १५, म्हणजे माल बरा वाहेल. ७५ च्या खाली गेलं तर हॉपरमध्ये (यंत्राच्या माल भरायच्या नरसाळ्यात) पोकळी होईल आणि गोळ्यांची वजनं हेलकावे खातील.

आता उरलेलं क्रॉसपोविडोन, उरलेली सिलिका आणि टाल्क ६० नंबरमधून चाळून मिसळा. मॅग्नेशियम स्टिअरेट सगळ्यात शेवटी आणि फक्त दोन-तीन मिनिटं. ते मेणचट आहे. जास्त वेळ फिरवलं तर प्रत्येक कणावर त्याचा थर बसतो, गोळी मऊ पडते आणि पाणी आत शिरत नाही.

यंत्रावर

खोली २५ अंशांच्या आत आणि आर्द्रता ४० टक्क्यांच्या खाली. डीह्युमिडिफायर कामाच्या आदल्या रात्रीपासून चालू ठेवा, सकाळी बटण दाबून खोली कोरडी होत नाही. १२ मिलिमीटरचा गोल, किंचित फुगीर पंच ५५० मिलिग्रॅमला बसतो. पंचावर नाव कोरू नका. अक्षरांच्या पोकळीत घन अडकतो आणि तिथून चिकटणं सुरू होतं. क्रोम चढवलेले, आरशासारखे घासलेले पंच घ्या.

यंत्र हळू चालवा. तासाभराने पंच तापतात, घन मऊ होतो आणि सकाळी गुळगुळीत येणारी गोळी दुपारी खरखरीत येते. पंचाचा चेहरा बोटाने तपासत राहा, म्हणजे यंत्र थांबवून. तपकिरी थर दिसला तर स्टिअरेट वाढवायच्या आधी खोलीची आर्द्रता आणि ग्रॅन्युल्सची ओल बघा. दहातल्या नऊ जणांचा हात आधी स्टिअरेटच्या डब्याकडे जातो.

टोपी उडत असेल तर वेग आणखी कमी करा आणि भुकटी किती आहे ते पाहा. दाब वाढवलात तर टोप्या जास्तच उडतील.

तपासणी

२० गोळ्या एकेक करून तोला. ५५० मिलिग्रॅमला ५ टक्के सूट, म्हणजे ५२२.५ ते ५७७.५. दोनहून जास्त गोळ्या याबाहेर नकोत, आणि ४९५ ते ६०५ च्या बाहेर एकही नको. झिजेच्या परीक्षेला साधारण ६.५ ग्रॅम गोळ्या घेतात, आपल्या १२ पुरतात. फिरत्या डब्यात मिनिटाला २५ फेऱ्यांनी १०० फेऱ्या, आणि वजनातली घट १ टक्क्याच्या आत.

विघटनाची, म्हणजे गोळी पाण्यात किती वेळात फुटते याची परीक्षा मात्र मन लावून करा. ३७ अंशांच्या पाण्यात ६ गोळ्या. कोटिंग नसलेल्या गोळीला भारतीय औषधकोशाची सर्वसाधारण मर्यादा १५ मिनिटांची, फिल्म कोटिंगला ३०. घनाची गोळी इथेच अडते. बाहेरून बुळबुळीत थर येतो आणि आत पाणी जात नाही. अशी गोळी दहाव्या मिनिटाला बाहेर काढून ब्लेडने मधोमध कापा. आत कोरडी असेल तर कडकपणा कमी करून पाहा. ८-९ किलोच्या दाबाला फुटणारी गोळी ६ किलोवर आणली की बरेचदा काम होतं. तरीही आत कोरडीच राहिली तर घनाचं प्रमाण कमी करून गोळी मोठी करा किंवा मात्रा दोन गोळ्यांत वाटा. दिसायला टणक आणि चकचकीत गोळी हवी म्हणून कडकपणा वाढवू नका. न फुटता बाहेर पडणारी गोळी औषध नव्हे.

बाटली, कागद आणि परवाना

पीव्हीसीच्या साध्या ब्लिस्टरमधून ओल हळूहळू आत येते. घनाला ॲल्युमिनियम-ॲल्युमिनियमची पट्टी किंवा एचडीपीई या प्लास्टिकची बाटली आणि सिलिका जेलची पुडी लागते. फिल्म कोटिंग करणार असाल तर फवारा अगदी कमी ठेवा आणि गोळ्यांचं तापमान ४० अंशांच्या खाली जाऊ देऊ नका, नाहीतर कोटिंगचंच पाणी गोळी पिते आणि डाग उठतात.

घरच्या खलात स्वतःपुरती वटी वळणं वेगळं. विकायची असेल तर औषधे व सौंदर्यप्रसाधने कायदा, १९४० खाली आयुर्वेदिक उत्पादनाचा परवाना लागतो आणि जागा, माणसं, नोंदी परिशिष्ट टी प्रमाणे असाव्या लागतात. सहाय्यक द्रव्यंही नियमांत परवानगी असलेलीच वापरायची.

पहिल्या बॅचच्या बंद बाटल्या ४० अंश आणि ७५ टक्के आर्द्रतेच्या पेटीत ६ महिने ठेवा आणि मधूनमधून एकेक बाटली काढून वजन, कडकपणा, विघटन आणि मुख्य घटकाचं प्रमाण तपासा. विघटनाचा वेळ महिन्यागणिक वाढत गेला तर ओल आत शिरते आहे. मग बाटलीचं झाकण आणि सील बघा, पुडीचं वजन वाढवा, आणि सूत्राला हात त्यानंतर लावा. त्याच बॅचची एक बाटली साध्या खोलीत उघडी-बंद करत वापरात ठेवा, घरात रुग्ण ठेवतो तशी. पेटीतल्या आकड्यांइतकंच तिच्याकडेही बघा, कारण शंभर गोळ्यांच्या बाटलीतली शेवटची गोळी त्याच अवस्थेत घेतली जाते.